खाज, ॲलर्जी आणि जेवणाला तोंड न लावणारा कुत्रा

कुत्र्याला अन्नाची ॲलर्जी असली आणि वर तो जेवणाचे नखरेही करत असला, की बहुतेक घरांत एकच घडतं. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं साधं जेवण तो हुंगतो आणि तोंड फिरवतो. मग कुणीतरी कळवळून त्यावर चमचाभर दही घालतं, नाहीतर पोळीचा तुकडा कुस्करतं. तो जेवतो, घराला हायसं वाटतं, पण पंजे चाटणं आणि कान खाजवणं काही थांबत नाही. यावर उपाय एकच: ज्या प्राण्याचं मांस चालतं, चवही त्याच प्राण्यापासून काढायची.

त्याआधी हे नखरेच आहेत ना, याची खात्री करा. नखरेल कुत्रा वाटी सोडतो, पण बिस्किटाचं पाकीट वाजलं की धावत येतो. मळमळणारा कुत्रा भुकेने वाटीपाशी येतो, हुंगतो, ओठ चाटतो, लाळ गाळतो आणि मागे सरतो. आवडता खाऊही तो नाकारतो. रोज नीट जेवणाऱ्याने अचानक अन्न सोडलं तर आधी रक्त तपासून घ्या. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा टिक फीवर सर्रास आढळतो आणि तो अनेकदा भूक मंदावण्यापासूनच सुरू होतो. दुखरा दात किंवा मूत्रपिंडाचा विकार हीसुद्धा कारणं असू शकतात.

अन्नाच्या ॲलर्जीची खाज सहसा बारमाही असते. पंजे, काखा, जांघा, गुदद्वाराभोवतीचा भाग आणि कान ही तिची ठरलेली ठिकाणं. कानाचा संसर्ग बरा होऊन परत परत येतो, काहींना दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा शी होते. पिसवा आणि गोचिडांचा बंदोबस्त केल्याशिवाय मात्र अन्नाला दोष देऊ नका. रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासणीतून अन्नाची ॲलर्जी खात्रीने कळत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. खरी परीक्षा म्हणजे 8 आठवड्यांचं पथ्य: कुत्र्याने आजवर कधीच न खाल्लेलं एक प्रथिन, एक पिष्ट पदार्थ, सोबत थोडी भाजी आणि तेल, बाकी काही नाही.

ॲलर्जी बहुधा रोजच्याच पदार्थांची असते. आपल्या घरांत ते म्हणजे चिकन, दूध-दही-पनीर आणि गहू. दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्याला चिकन नवं असेल असं वाटतं, पण त्याची बिस्किटं आणि ड्राय फूडची पाकिटं वाचून बघा, बहुतेकांत चिकन असतं. मोठ्या अक्षरांत 'लॅम्ब' लिहिलेल्या पाकिटातही घटकांच्या यादीत चिकनची चरबी सापडते. त्यामुळे बहुतेकांसाठी बकऱ्याचं मटण किंवा मासे उरतात. मटण घेताना खाटकाच्या ओंडक्याकडे लक्ष द्या. त्याच ओंडक्यावर चिकन तोडलं जात असेल तर तिथला खिमा नको. फक्त मटण विकणाऱ्या दुकानातून बिनहाडाचे तुकडे आणून घरीच बारीक चिरा.

अंदाजासाठी, नसबंदी झालेल्या 10 किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 600 ते 630 किलोकॅलरी लागतात. त्यात 200 ग्रॅम कच्चं, कमी चरबीचं मटण, 220 ग्रॅम शिजलेला भात, 60 ग्रॅम लाल भोपळा आणि 1 छोटा चमचा तेल बसतं. दही-भातावर वाढलेला असेल तर भाताऐवजी सोलून उकडलेला बटाटा, सुमारे 300 ग्रॅम. सगळं वजनकाट्यावर मोजा, वाटीच्या अंदाजाने नको. मीठ, मसाला घालू नका. कांदा आणि लसूण कुत्र्यांना विषारी आहेत. दर आठवड्याला कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. अर्धा किलो घटलं तर प्रमाण वाढवायची वेळ आली.

आता चव. त्याच बकऱ्याची हाडं नुसत्या पाण्यात दोन तास उकळा, गाळा आणि रस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर साचलेली चरबी काढून टाका, कारण जास्त चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. उरलेला रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि दर जेवणाला एक खडा गरम करून अन्नावर ओता. शिजलेली हाडं मात्र थेट कचऱ्यात, ती फुटून आतड्यात रुततात. दुसरा उपाय कलेजीचा. बकऱ्याची कलेजी उकडा, पातळ काप करून मंद आचेवर कोरडी होईपर्यंत परता, मग मिक्सरमधून भरड काढा. ही चिमूटभर भुकटी वरून भुरभुरली की वास खोलीभर पसरतो आणि हट्टी कुत्राही वाटीपाशी येतो. 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला 10 ग्रॅम कलेजी पुरे, 'अ' जीवनसत्त्व जास्त झालं तर अपायच होतो. शाबासकीचा खाऊ म्हणून आणि गोळी लपवायलाही तीच वापरा. परतायला पोळ्यांचा तवा घेऊ नका, त्यावर गव्हाचं पीठ असतं.

जेवण कोमट, हाताला जेमतेम ऊब लागेल इतपतच गरम. फ्रिजमधल्या थंडगार अन्नाला वासच येत नाही आणि कुत्रा आधी नाकाने जेवतो. दिवसातून दोन ठरलेल्या वेळा, वाटी 15 ते 20 मिनिटं खाली, मग उचलायची. मध्ये काही द्यायचं नाही, हाताने भरवायचं नाही, आर्जवं करायची नाहीत. धडधाकट प्रौढ कुत्रा एखादं जेवण सोडून पुढचं खातो. 24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. पिल्लं आणि मधुमेही कुत्र्यांना असं उपाशी ठेवूच नका.

जुन्या जेवणावरून नव्यावर यायला आठवडा घ्या: दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस अर्धं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. 8 आठवडे मोजायचे ते जुनं अन्न शून्यावर आल्यापासून.

पथ्य मोडतं ते बहुतेक वेळा वाटीबाहेर. जंताच्या आणि गोचिडांच्या चघळायच्या गोळ्या, हाडाच्या आकाराच्या कॅल्शियमच्या गोळ्या, चिकनच्या स्वादाची टूथपेस्ट, चघळायच्या कातडी काड्या, बाळाच्या खुर्चीखाली सांडलेलं, वॉचमनकाकांनी प्रेमाने दिलेलं बिस्किट. स्वाद नसलेली औषधं डॉक्टरांकडून मागून घ्या. आजी-आजोबांना पाहुण्यांसमोर टोकू नका, उलट त्यांच्या हातात कलेजीच्या तुकड्यांचा डबा द्या. त्यांना खाऊ द्यायचा असतो, तो कशाचा यावर ते अडून बसत नाहीत. त्वचेत किंवा कानात जंतू अथवा यीस्ट (एक प्रकारची बुरशी) माजलं असेल तर त्याचाही इलाज सोबत करून घ्या, नाहीतर पथ्य बरोबर असूनही खाज राहील आणि तुम्ही अर्ध्यात सोडाल.

रोज रात्री खाजेला 0 ते 10 मध्ये गुण देऊन कॅलेंडरवर लिहा. 8 आठवड्यांनी आकडा स्पष्ट उतरला असेल तर जुनं जेवण परत सुरू करा. हे अनेकांच्या जिवावर येतं, पण याशिवाय निदान पुरं होत नाही. ऋतू बदलल्यानेही खाज कमी झालेली असू शकते. अन्नाचीच ॲलर्जी असेल तर बहुधा काही दिवसांत, उशिरात उशिरा 14 दिवसांत खाज परतते. मग पुन्हा पथ्य, खाज शांत झाली की एकेक पदार्थ दोन-दोन आठवडे तपासायचा. सुरुवात चिकनपासून करा, कारण ते चाललं तर बाजारातलं निम्मं अन्न आणि औषधं मोकळी होतात.

वरचं जेवण प्रौढ कुत्र्याच्या परीक्षेपुरतं आहे. त्यात कॅल्शियम, जस्त, आयोडीन आणि 'ई' जीवनसत्त्व पुरेसं नाही, त्यामुळे वाढत्या पिल्लाला ते देऊ नये. कायमसाठी पशुआहारतज्ज्ञाकडून पूरकांसह पाककृती लिहून घ्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं, म्हणजे ॲलर्जी उठू नये म्हणून प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं, तयार अन्न वापरा. तेही तो खात नसेल तर कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, आणि मटण चालतंय हे सिद्ध झालं असेल तर वरून तोच रसाचा खडा.