आमची वाटचाल : शेवटच्या रांगेपर्यंत

पुण्याहून हैदराबादला जाणारा रस्ता सोलापुरावरून जातो. मोठ्या कलाकारांच्या साऊंडच्या गाड्या आम्ही या रस्त्यानं जाताना वीस वर्षं पाहिल्या. ढाब्यावर जेवायला थांबायच्या, कार्यक्रमाला नाही. त्यामुळे एका नावाजलेल्या स्टँडअप कॉमेडियनच्या देशभराच्या नव्या दौऱ्याची यादी मोबाईलवर आली आणि पुणे-हैदराबादच्या मधल्या ओळीत सोलापूर दिसलं, तेव्हा मी शटर अर्धं ओढलं आणि थेट अण्णांच्या घरी गेलो. साऊंडचं काम आम्हाला मिळालं होतं.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातले. यंत्रमागाच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करायचे. २००३ साली मी आहुजाचा एक अॅम्प्लिफायर, दोन कॉलम स्पीकर आणि चार माइक घेऊन धंदा सुरू केला, तेव्हा भांडवल माझं आणि हात त्यांचे होते. कॅनन पिनचं, म्हणजे माइकच्या वायरीच्या टोकाच्या जोडणीचं, सोल्डरिंग त्यांच्यासारखं करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. शील्डची, म्हणजे वायरीतल्या बाहेरच्या जाळीची, तार ते वेगळी वळून, स्लीव्ह घालून मगच लावायचे. त्यांनी बांधलेल्या दोन वायरी आजही कामात आहेत.

व्याख्यानं, गणपती, शाळांची स्नेहसंमेलनं, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतलं काम, असं करत बस्तान बसलं. हुतात्मा स्मृती मंदिरात पहिल्यांदा माइक लावला, त्या दिवशी अण्णांनी चपला विंगेबाहेर काढून ठेवल्या. १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेल्या चौघांच्या नावाचं ते सभागृह आहे, तिथं माइकची शिट्टी वाजता कामा नये, एवढंच म्हणाले.

मधली वर्षं बरी गेली.

मार्च २०२० आला आणि एका आठवड्यात सगळ्या तारखा रद्द झाल्या. पुढचं दीड वर्ष कसं काढलं ते आमच्या घरच्यांना ठाऊक. नाट्यगृहं आधी बंद, मग निम्म्या खुर्च्यांवर, मग पुन्हा बंद. गोडाऊनचं भाडं चालूच होतं. मी मोठा मिक्सर निम्म्या किमतीत विकला, नंतर दोन टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, विकले. माइकची पेटी विकायला काढली, तेव्हा अण्णा ती उचलून स्वतःच्या घरी घेऊन गेले. म्हणाले, "हे विकलास तर परत उभा राहणार नाहीस बघ." पगार त्यांनी अकरा महिने घेतला नाही.

त्याच काळात, आमच्याकडेच सहा वर्षं शिकलेल्या एका ऑपरेटरनं स्वतःचा सेट उभा केला. त्याबद्दल तक्रार नाही, प्रत्येकानं मोठं व्हावं. पण आमच्या ग्राहकांचे नंबर घेऊन, निम्म्या भाड्यात, 'त्यांनी धंदा बंद केला' असं सांगत तो फिरला. ते मी विसरलेलो नाही.

२०२२मध्ये एका विनोदी एकपात्री कार्यक्रमाचं कोटेशन आमच्याकडून मागवलं. मी सभागृहात जाऊन टेपनं मापं घेतली, स्पीकर कुठं टांगायचे ते काढून दिलं. काम गेलं त्या ऑपरेटरकडे, आठ हजारांच्या फरकानं. कार्यक्रमाच्या दिवशी सव्वासहाला आयोजकांचा फोन आला. हमिंग, म्हणजे स्पीकरमधली घूंघूं, थांबत नव्हतं. जाऊन पाहतो तर लाइटचे डिमर आणि साऊंड एकाच लाइनवर! अण्णांनी सप्लाय वेगळा केला, अर्थिंग नीट केलं, वायरलेस काढून आमचा वायरचा माइक लावला. पडदा सात मिनिटं उशिरा उघडला. दुसऱ्या दिवशी आभाराच्या यादीत नाव त्याचं आलं. आमचं बिल चार महिन्यांनी मिळालं.

लोकांना वाटतं, एक माणूस, एक माइक, यात काय काम आहे? गाण्यात एखादा शब्द गेला तर चाल सांभाळून घेते. विनोदात शेवटचा शब्द गेला की सगळं गेलं. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. वीस मीटरवर मागच्या लोकांसाठी वेगळा स्पीकर लावला तर त्याला जवळपास साठ मिलिसेकंदांचा डिले द्यावाच लागतो, म्हणजे त्यातला आवाज तेवढा उशिरा सोडावा लागतो. नाही दिला तर शब्दावर शब्द चढतो, पुढचे हसतात आणि मागचे एकमेकांना विचारतात. बोलणारा तर हशा ऐकूनच पुढचं वाक्य टाकतो, म्हणून स्टेजवरचा मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, हळू ठेवायचा.

नवीन मुलांनी हे लक्षात ठेवावं. माइकची जाळी मुठीत धरू देऊ नका. मागची छिद्रं बंद झाली की तो चहूकडचा आवाज ओढतो आणि शिट्टी मारतो. वायर कोपराभोवती गुंडाळू नका, आतून पीळ बसतो. रिकाम्या हॉलमध्ये केलेली सेटिंग अंतिम समजू नका, भरलेल्या खुर्च्या आवाज पितात. आणि निम्मा अॅडव्हान्स हातात पडल्याशिवाय तारीख अडवू नका.

या दौऱ्याच्या मॅनेजरनं पाठवलेल्या यादीत साऊंडपुरत्या मोजक्याच गोष्टी होत्या: वायरचा शुअर एसएम ५८, गोल बुडाचा सरळ स्टँड, एक उंच स्टूल, पाण्याची बाटली. हा माइक १९६६पासून बाजारात आहे, आणि आमचा अण्णांनी वाचवलेल्या त्या पेटीतला.

शनिवारी अण्णा चारलाच आले. त्यांचं वय आता एक्काहत्तर. चेकिंगला ते नेहमी शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतात. कलाकार वंदे भारतनं उतरून सरळ स्टेजवर आला, माइक तोंडापासून हातभर लांब धरून अगदी हळू पुटपुटला. मी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकती पट्टी, सावकाश चढवत होतो. मागून अण्णांचा हात वर झाला, तिथं थांबलो. रात्री हॉल भरल्यावर थोडंसंच वर घेतलं. दीड तास एक शब्द वाया गेला नाही. हशा पहिल्या रांगेतून आणि शेवटच्या रांगेतून एकदम उठत होता.

पोस्टरवर खाली डावीकडे आमचं नाव आहे. दुकानात लावलेलं ते पोस्टर अण्णांनी चष्मा काढून, जवळ जाऊन वाचलं. मग विचारलं, "पैसे आले का रे?"

सगळे आले होते, दुसऱ्याच दिवशी.