यंत्राखालची चाके : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांनी घेतलेला आमचा गाळा बारा फूट रुंद आणि तीस फूट लांब आहे. ग्रिल, दरवाजे आणि शेती अवजारांची दुरुस्ती हे आमचे मूळ काम. एवढ्या जागेत एखादे जड यंत्र सरकवायचे झाले, तर पहारीने एक टोक उचलायचे, खाली पाइपचे तुकडे सारायचे आणि चार-पाच जणांनी ते इंचाइंचाने पुढे ढकलायचे, हीच रीत मी लहानपणापासून पाहत आलो. मागचा पाइप काढून पुढे ठेवणाऱ्याचा हात त्यात सतत धोक्यात असतो. वडिलांच्या डाव्या हाताचे एक बोट याच कामात चेंगरले आणि ते पुढे कधीच नीट वाकले नाही. आमच्या आजच्या मुख्य उत्पादनाचे, म्हणजे जड यंत्राखाली बसवायच्या चाकांच्या बैठकीचे (गिऱ्हाइके तिला सरळ ‘मोबाइल बेस’ म्हणतात), मूळ त्या बोटात आहे.

पहिली बैठक आम्ही एका सुतारी कारखान्याच्या सुमारे 300 किलो वजनाच्या बँड सॉसाठी (वर-खाली दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या पात्याचे करवत-यंत्र) केली आणि ती चुकली. 50 मिलिमीटरच्या लोखंडी अँगलची चौकट, तिच्याखाली चारही फिरती, दोन इंची नायलॉनची चाके, असा तो साधा प्रकार होता. बँड सॉचे वरचे जड चाक माथ्यावर असल्यामुळे त्याचा तोल मुळातच उंचावर असतो. ढकलताना एक लहान चाक शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकले आणि यंत्र कलंडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. परंतु ओतीव टेबलाचा कोपरा तुटला आणि त्याची भरपाई आम्ही दिली. त्या दिवसानंतर, प्रत्येक यंत्राचा तोल कुठे आहे हे पाहिल्याशिवाय आम्ही चौकटीचे माप काढत नाही.

हळूहळू बैठकीचा आकार ठरत गेला. चाके यंत्राच्या पोटाखाली न बसवता चौकटीच्या बाहेर काढलेल्या कानांवर बसवली, की पाया रुंद होतो आणि यंत्र जमिनीपासून फारसे उचलावे लागत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण चार इंची चाक थेट खाली लावले, तर टेबलाची उंची तेवढ्याहून अधिक वाढते आणि दिवसभर त्यावर काम करणाऱ्या कारागिराचे खांदे भरून येतात. दोन चाके स्थिर आणि दोन फिरती ठेवल्याने यंत्र सरळ रेषेत चालते. फरशी कुठेच अगदी सपाट नसल्यामुळे चारपैकी एक चाक बऱ्याचदा अधांतरी राहते. म्हणून आम्ही यंत्राचे वजन चाराने नव्हे, तीनाने भागतो. 600 किलोच्या थिकनेस प्लेनरसाठी (लाकूड एकसारख्या जाडीचे करणारे रंधायंत्र) प्रत्येक चाकावर 200 किलो धरून, त्याला 300 किलो क्षमतेचे पॉलियुरेथेनचे चाक लावतो.

तथापि काम चालू असताना यंत्र चाकांवर उभे राहता कामा नये, यावर आम्ही ठाम आहोत. चाकाचा ब्रेक केवळ चाक थांबवतो, यंत्राची थरथर थांबवत नाही. म्हणून चारही कोपऱ्यांवर 16 मिलिमीटरचे जॅक बोल्ट देतो. एका फेऱ्याला ते 2 मिलिमीटर चढतात, त्यामुळे पाच-सहा फेऱ्यांत चाके जमिनीवरून सुटतात आणि सारा भार रबरी तळाच्या पायांवर येतो. हलवण्यापूर्वी थ्री फेजची वीजजोडणी काढणे आणि पुन्हा जोडताना अर्थिंग तपासणे, ही सूचना बैठकीवरच रंगवलेली असते.

लेथ (धातूचा तुकडा फिरवून कातणारे यंत्र) आणि पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारे किंवा वाकवणारे यंत्र) यांच्यासाठी मात्र आम्ही बैठक करून देत नाही. लेथचा बेड लेव्हलला बसवलेला असतो. तो किंचित पिळला, तरी जॉबला, म्हणजे कातल्या जाणाऱ्या तुकड्याला, टेपर येतो; तो एका टोकाकडे निमुळता होतो. प्रेसचे धक्के पायाच्या बोल्टांनीच पेलावेत. या नकारामुळे काही ऑर्डरी गेल्या, पण तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

ऑगस्ट 2019 च्या महापुराने आमच्या कामाला वेगळेच वळण दिले. नदीकाठच्या भागातील एका फर्निचर कारखान्यात पंचगंगेचे पाणी शिरले, तेव्हा मालक आणि त्यांचे दोन कारागीर लाकूड तेवढे वाचवू शकले. प्लेनर, सर्क्युलर सॉ आणि मोटारी पाण्याखालीच राहिल्या. पाणी ओसरल्यावर मोटारींची तार पुन्हा भरून घ्यावी लागली आणि बेअरिंगे गंजून गेली. त्यांनी आमच्याकडे येऊन एकच मागणी केली, “रात्री हमाल मिळाला नाही, तरी आम्हा तिघांना यंत्र बाहेर काढता आले पाहिजे.” त्यांच्यासाठी आम्ही मोठ्या चाकांच्या बैठका, उंबरठ्यावर टाकायची जाड पत्र्याची उतरण आणि ओढण्यासाठी पुढे कडी, असा संचच केला. जुलै 2021 मध्ये पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी 39 फुटांच्या इशारा रेषेकडे जाऊ लागताच त्यांनी आपली यंत्रे गल्लीच्या चढावरील एका ओळखीच्या गोदामात नेऊन ठेवली. 43 फुटांची धोका पातळी ओलांडून त्या वर्षीही महापूर आला, कारखान्यात पाणी भरले. यंत्रे कोरडी राहिली.

तेव्हापासून दरवर्षी मृग लागण्यापूर्वी आम्ही पूररेषेतील आपल्या गिऱ्हाइकांकडे स्वतः जातो, चाकांत अडकलेला भुसा काढून ग्रीस भरतो आणि प्रत्येक यंत्र त्यांच्याच माणसांकडून एकदा दारापर्यंत ढकलवून पाहतो. या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही.