बेरिंगच्या गावात बेरिंग बसवायला माणूस मिळेना

माझी मोटरसायकल तपासणीत नापास झाली. कारण काय, तर पुढच्या चाकाचं बेरिंग.

जर्मनीत दुचाकीसुद्धा दर 2 वर्षांनी तपासून घ्यावी लागते. पास झाली की मागच्या नंबरप्लेटवर गोल स्टिकर मिळतो, नापास झाली की महिन्याभरात दुरुस्त करून परत दाखवायची. तपासणाऱ्यानं पुढचं चाक उचललं, वरून-खालून धरून हलवलं, कटकट असा बारीक आवाज आला, आणि त्यानं कागदावर खूण केली. ‘साहेब, जरा बघा की’ म्हणायला जागाच नाही. आपल्याकडं नवी गाडी एकदा पासिंग झाली की 15 वर्षं आरटीओला तोंड दाखवत नाही, आणि पीयूसीवाला चाकाकडं ढुंकून बघत नाही. चाक डुलायला लागलेल्या गाड्या गगनबावड्याच्या घाटात बिनधास्त जातात. तेव्हा एवढं मान्य, तपासणी इथली चांगली. पुढचं मात्र ऐका.

मी राहतो ते श्वाइनफुर्ट. इथं 1883 साली फ्रीडरिश फिशर नावाच्या माणसानं पोलादी गोळ्या एकसारख्या गोल घासणारं यंत्र काढलं आणि बॉल बेरिंगचा मोठा धंदा उभा राहिला. बेरिंगांचा पुरवठा तुटला की जर्मनीचे रणगाडे आणि विमानं अडतील, या हिशेबानं अमेरिकेनं 17 ऑगस्ट आणि 14 ऑक्टोबर 1943 ला याच गावावर बॉम्ब टाकले. आजही शेफलर आणि एसकेएफ या बेरिंग बनवणाऱ्या कंपन्यांचे कारखाने इथं आहेत. अशा गावात मी नवी बेरिंगं खिशात घालून गॅरेज-गॅरेज फिरलो आणि कोणी बसवून देईना!

‘बाहेरून आणलेला पार्ट आम्ही बसवत नाही.’ का? गॅरंटी कोण देणार? मग तुमचाच पार्ट घाला. घालू, पण तीन आठवड्यांनी या. मजुरी तासाला शंभर युरोच्या वर. तिथल्या पोराला मी बेरिंगवरचा नंबर दाखवला, 6302-2RS. शेवटचे 02 म्हणजे आतलं भोक 15 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 42, जाडी 13, दोन्ही बाजूंना रबरी सील. हा नंबर श्वाइनफुर्टात तोच, पुण्यात तोच आणि कोल्हापुरात तोच. कंपनी नावाजलेली, डबा सीलबंद. त्यानं मान डोलावली, हसला, आणि परत तेच वाक्य म्हणाला. नम्रपणे. या नम्रपणाचाच राग जास्त येतो. आपला मेस्त्री निदान ‘आज जमत न्हाई, जावा तिकडं’ म्हणून वाट तरी मोकळी करतो.

शिवाजी उद्यमनगरात हेच काम कसं झालं असतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. ‘च्या पिऊन या, हुतंय तवर.’ शेजारच्या दुकानातून बेरिंग, एक पोरगा एक्सल काढणार, दुसरा छिन्नी घेणार. 2019 च्या पुरानंतर तर गाड्यांची रांगच रांग होती. सील रस्त्यावरचे शिंतोडे अडवतं, पण गाडी पाण्यात बुडून राहिली की गाळ आत जातो, ग्रीसचं दुधासारखं पाणी होतं आणि गोळ्यांना गंज धरतो. ती सगळी चाकं आपल्याच मेस्त्र्यांनी उभी केली. लोक म्हणतात, हातोडी म्हणजे अडाणीपणा. अरे, चांगला मेस्त्री नवं बेरिंग कधीच आतल्या कड्यावर ठोकत नाही. बाहेरच्या कड्यावर जुनं बेरिंग ठेवतो आणि त्यावर ठोकतो, म्हणजे मार गोळ्यांना लागत नाही. हे ज्ञान कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. (नट ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, मात्र कुठं दिसत नाही, हेही खरं. एक्सलचा नट ‘बसला’ हे मनगटावरच ठरतं.)

शेवटी इथं तासावर भाड्यानं मिळणारं वर्कशॉप गाठलं. लिफ्ट, पाने, हॉट एअर गन, सगळं तिथंच. हे मला मनापासून आवडलं, आपल्याकडं असायला हवं. नवी बेरिंगं थोडी आकसावीत म्हणून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली होती, मटारच्या पिशवीशेजारी, त्यावर बायको काय बोलली ते जाऊ दे. ऑइल सील काढलं, हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, पसरावा म्हणून गरम केला, आतला स्पेसर (दोन बेरिंगांमधली नळी) थोडा बाजूला सरकवून जुन्या बेरिंगच्या आतल्या कड्यावर छिन्नी टेकवली आणि चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकत बाहेर आणलं. जुन्याचं काही बिघडलं तरी चालतं. बोटानं फिरवलं तर खरखर खरखर. आधीच्या मालकानं हाय-प्रेशर पाण्यानं थेट हबवर मारून धुतली असणार. तुम्हीही वॉशिंग सेंटरवाल्याला तेवढं एक सांगत जा.

मग नवी बसवली. ब्रेकच्या डिस्कच्या बाजूचं बेरिंग आधी, पार तळाला लागेपर्यंत. आवाज बदलतो, ठण्ण असा भरीव येतो, तेव्हा थांबायचं. नंतर मधला स्पेसर, आणि मगच दुसऱ्या बाजूचं. ते स्पेसरला टेकलं की बास. आणखी ठोकलं तर दोन्ही बेरिंगांवर आडवा ताण येतो आणि नवी जोडी काही दिवसांत निकामी होते. स्पेसर विसरला तर पुन्हा सगळं काढायचं. एक्सलचा नट मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढ्याच टॉर्कला आवळला.

जुनी बेरिंगं काढत होतो तेव्हा शेजारच्या लिफ्टवर एक म्हातारा आपली जुनी गाडी दुरुस्त करत होता. माझी छिन्नी-हातोडी बघून भुवया वर केल्या आणि आतून पकडून बेरिंग ओढणारा पुलर न विचारता माझ्या बाकड्यावर आणून ठेवला. दुसरं जुनं बेरिंग त्या पुलरनंच काढलं, मान्य. पण पहिलं हातोडीनं काही वाईट निघालं नव्हतं.

फेरतपासणीत गाडी पास झाली. गॅरेजवाल्याची तारीख तोवर आली पण नव्हती. आता मागचं चाक. त्यात चेनचं दातेरी चाक (स्प्रॉकेट) ज्यावर बसतं त्या कॅरिअरमध्ये तिसरं बेरिंग आहे, तेही थोडं वाजतंय. शनिवारीच उरकायला हवं, रविवारी इथं ठोकाठोक चालत नाही.