सरांचं तारेचं कडं

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहा, असं पत्र आलं आणि सगळ्यात आधी आठवलं ते सरांचं तारेचं कडं. सर म्हणजे कोण, हे आपल्या शाळेच्या माणसाला सांगायला नको. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये, जागा थोडी आहे.

नववीतला पाऊस. हर्णैच्या बंदरात पाण्यावर डिझेलचा रंगीत तवंग बघितला, असं मी वर्गात सांगितलं. सर म्हणाले, "डिझेल सात रंगांचं असतं काय रे मेल्या?"

दुसऱ्या दिवशी साबणाच्या पाण्यात चार थेंब ग्लिसरीन घालून आणलं. कडं बुडवलं आणि खिडकीच्या उजेडात उभं धरलं. पाणी खाली ओघळू लागलं तसे रंगांचे पट्टे खाली सरकले आणि वरच्या कडेला काळी पट्टी उमटली. मी ओरडलो, "सर, वरून फाटला!" सरांनी त्या काळ्यातच पेन्सिलीचं कोरडं टोक टेकवलं. फट! सगळा पापुद्रा गेला.

"फाटलेला होता, तर आत्ता काय फुटलं?"

मग फळ्यावर 'व्यतिकरण' लिहिलं, म्हणजे लाटांचं एकमेकींत मिसळणं. पापुद्र्याच्या पुढच्या बाजूवरून परतणारी उजेडाची लाट उलटते, मागच्या बाजूवरची उलटत नाही. पापुद्रा अतिशय पातळ झाला की दोघी एकमेकींना खोडतात, म्हणून काळं. न्यूटननं 1704 च्या ग्रंथात हे काळे डाग नोंदवले, पण लाटांचा हिशेब लागायला इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगपर्यंत, जवळजवळ शंभर वर्षं थांबावं लागलं. निम्म्या वर्गाचं लक्ष खिचडीकडे होतं.

आज चिपळुणात माझं चष्म्याचं दुकान आहे. "काच हिरवी का मारते?" असं गिऱ्हाईक विचारतं. साध्या काचेची प्रत्येक बाजू चारेक टक्के उजेड परत फेकते, तो कोटिंगनं मारायचा. एकाच थराचं काम असेल तर मॅग्नेशियम फ्लोराइड, जाडी साधारण 100 नॅनोमीटर. इथं दोन्ही लाटा उलटतात, म्हणून त्यांनी एकमेकींना खोडावं यासाठी थर पाव लाटेइतका ठेवावा लागतो. सरांची काळी पट्टी डोक्यात नसती तर हा फरक मला कधीच कळला नसता.

हल्ली प्रयोगशाळेत पडद्यावर व्हिडिओ दाखवतात म्हणे. त्यात पेन्सिल कुठून टेकवणार?

मोतीबिंदूनंतर सर दुकानात आले होते. नवी काच ट्यूबलाइटखाली तिरपी धरून विचारलं, "किती थर आहेत रे?"

मला कंपनीला फोन करावा लागला.