रॅकेट शिकवते म्हटलं की लोकांना टेनिसच वाटतं

ज्यांनी आयुष्यात कोडची एक ओळही लिहिलेली नाही अशांना मी रॅकेट नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकवते, आणि हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, पायथॉन का नाही? (२०१० पर्यंत हिचं नाव पीएलटी स्कीम होतं, ते ऐकून तर कोणी टेनिसपर्यंतही पोचलं नसतं.)

कारण साधं आहे. पायथॉनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या तासालाच एक्स = एक्स + १ समोर येतं आणि ज्याचं शाळेतलं बीजगणित पक्कं आहे तोच जास्त अडकतो, कारण त्याच्या हिशेबाने हे समीकरण चक्क खोटंय. रॅकेटबरोबर येणाऱ्या डॉक्टर रॅकेट या कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये नवशिक्यांसाठी मुद्दाम छाटलेली भाषा मिळते, तिच्यात असाइनमेंट, म्हणजे एकाच नावाची किंमत मागाहून बदलणं, हा प्रकारच नाही, फंक्शन म्हणजे शाळेतलंच फंक्शन, आणि आकड्यासारखं चित्र पण व्हॅल्यू, म्हणजे वर्तुळाशेजारी चौकोन ठेवला की उत्तर म्हणून नवीन चित्रच येतं.

पण खरी मजा एररमध्ये आहे. पायथॉनमध्ये फंक्शनच्या नावापुढचे कंस विसरलात तर तो काही न बोलता पुढे जातो, कारण भाषेच्या दृष्टीने ते चूक नाहीच, आणि बिचारा शिकणारा अर्धा तास डोकं खाजवतो. छाटलेल्या भाषेत हीच चूक केली तर सरळ सांगते की बाबा, हे फंक्शन आहे आणि त्याच्या आधी कंस उघडलेला नाहीये. जे अजून शिकवलंच नाही ते भाषेलाही माहीत नसतं, त्यामुळे भलतंसलतं काही चालूनच जात नाही.

त्रास आहेच. ३ + ४ ऐवजी (+ ३ ४) लिहायचं म्हटल्यावर पहिल्या दिवशी सगळे माझ्याकडे संशयाने बघतात. आणि याने नोकरी मिळेल का, याला माझं उत्तर नाही असंच आहे, पुढे पायथॉन किंवा जावा शिकावीच लागते.

तिथे मात्र मी एकदा तोंडावर पडले. माझ्याकडून पायथॉनकडे गेलेल्या एका मुलाचा मेसेज आला, ताई माझं इन्स्टॉलेशन बिघडलंय बहुतेक, ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येतेय. छाटलेल्या रॅकेटमध्ये दशांश नेमके अपूर्णांक म्हणून धरले जातात, तिथे ०.३ च येतं, त्यामुळे फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांश बायनरीत (० आणि १ मध्ये) अंदाजे साठवणं, नावाचं काही असतं हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. दोन तास फोनवर बायनरी समजावत बसले, आणि शेवटी तो म्हणाला, पण मग आधीचं का बदललं?