आठ तास झोपूनही थकवा का जात नाही?

मी स्लीप लॅबमध्ये रात्रपाळी करते हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. "दहाला आडवा होतो, सहाला उठतो, मधे जाग येत नाही. तरी सकाळी अंग आंबलेलंच. असं का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मधे जाग येत नाही, असं तुम्हाला मनापासून वाटत असणार. पण जाग काही सेकंदांचीच असेल तर ती सकाळी आठवत नाही.

तपासणीला आलेल्या माणसाच्या डोक्याला आम्ही तारा चिकटवतो, नाकापाशी हवा मोजणारी नळी लावतो, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. दिवा मालवून मी शेजारच्या खोलीत स्क्रीनसमोर बसते. माणूस घोरू लागतो आणि मधेच एकदम शांत होतो. हवेची रेघ सपाट होते, पट्ट्यांच्या रेघा मात्र हलत राहतात. छाती श्वास ओढतेय, पण घसा मिटलाय. वीस सेकंद, तीस सेकंद. ऑक्सिजन ९६ वरून ८५ वर येतो. मग मेंदू दचकून जागा होतो, घसा उघडतो, मोठ्ठा घोरल्याचा आवाज येतो आणि माणूस पुन्हा झोपतो. श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा फार उथळ झाला की आम्ही तो एक खंड म्हणून मोजतो. मोठ्या माणसांत असे खंड तासाला ५ झाले की आजार धरतात, ३० च्या पुढे तीव्र. हा स्लीप ॲप्निया, झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार. यात झोप सारखी मोडते, म्हणून आठ तासांनंतरही थकवा राहतो.

झोपेत घशाचे स्नायू सगळ्यांचेच सैल पडतात. ज्यांची वाट मुळात अरुंद, त्यांची ती मिटते. मानेभोवतीची चरबी, मागे असलेला लहान जबडा, मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल ही नेहमीची कारणं. सडपातळ माणसांनाही हा आजार होतो. उताणं झोपलं की जीभ मागे पडते. दारूने आणि काही झोपेच्या गोळ्यांनी स्नायू आणखी ढिले होतात, म्हणून तपासणीआधीच कुणी स्वतःच्या मनाने गोळी सुरू केली की मला फार काळजी वाटते.

माझे वडील असेच घोरायचे. घोरणं थांबलं की आई हळूच म्हणायची, "आता लागली शांत झोप." पुढे हे काम शिकताना स्क्रीनवर ती शांतता पहिल्यांदा पाहिली, त्या रात्री मला आईचं ते वाक्य आठवत राहिलं. या आजाराने ब्लडप्रेशरही वाढू शकतं, आणि तोवर वडिलांचं कितीतरी वर्षं चढलेलं होतं.

प्रत्येक थकवा ॲप्नियाचाच असतो असं नाही. संध्याकाळी पडल्या पडल्या ज्यांच्या पायांत वळवळ सुरू होते आणि चालल्याशिवाय राहवत नाही, त्यांच्या शरीरात बरेचदा लोह कमी असतं. रक्त तपासायला हवं. निद्रानाशाची गोष्ट वेगळी. तिथे वेळ असतो, अंथरूण असतं, झोपच येत नाही. सुरुवात एखाद्या काळजीने होते. काळजी मिटते, पण तोवर मेंदूने अंथरुणाची सांगड जागरणाशी घातलेली असते. आठवड्यातून ३ रात्री, ३ महिने असं चाललं तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर पहिला उपाय गोळीचा नसून वागणुकीतल्या बदलांची एक ठरावीक उपचारपद्धती आहे. आणि स्वप्नात ओरडून हातपाय झाडणारं कुणी घरात असेल, विशेषतः पन्नाशीनंतर हे सुरू झालं असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवाच.

ॲप्नियावर मात्र चांगला इलाज आहे. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी मास्कमधून हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत मांडली. सीपॅप मशीन ते हेच. मास्कची सवय व्हायला वेळ लागतो आणि पहिल्या आठवड्यात पुष्कळजण तो काढून टाकतात. मास्क नीट बसवून घ्या, तंत्रज्ञाला पुन्हा पुन्हा विचारा, आम्हाला त्याचा कंटाळा येत नाही.

आज रात्री शेजारी झोपणाऱ्याला एवढंच सांगा: मी घोरायला लागलो की फोनवर वीस मिनिटं रेकॉर्ड कर, आणि मधे शांत झालो तर सेकंद मोज. ते रेकॉर्डिंग डॉक्टरांकडे घेऊन जा.