तुम्ही विचारलंत म्हणून: केसांतले केराटिन पोटात काय करते?

लातूरला मी प्राणिशास्त्र शिकवते. आतड्याचा धडा आला की दरवर्षी कुणीतरी विचारतेच, "मॅडम, केराटिन म्हणजे पार्लरमधले ना? मग ते पोटात कशाला?" पालकांचा प्रश्न त्याच्या पुढचा असतो: केराटिनची पावडर घेतली तर सततचे जुलाब थांबतील का?

पालकांना आधी सांगते, नाही. केराटिन हे एक प्रथिन आहे, आणि खाल्लेल्या प्रथिनाचे पचनात तुकडे होतात. आतड्याच्या पेशी आपले केराटिन आपल्याच जनुकांवरून घडवतात. माणसात केराटिनची 54 जनुके आहेत. केसांची केराटिने वेगळी आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातली वेगळी. तिथे मुख्यतः 8, 18, 19 आणि 20 या क्रमांकांची असतात.

हे अस्तर पेशींच्या अवघ्या एका थराचे असते. त्याच्या एका अंगाला जिवाणूंची प्रचंड वस्ती आणि दुसऱ्या अंगाला आपले रक्त. औसा तालुक्यातल्या आमच्या आजोळी माळवदाचे घर होते. पावसात लिंपण निघाले की पांढऱ्या मातीतून भुश्याच्या काड्या डोकावत, आणि नवे लिंपण कालवताना आजी म्हणे, "काडीबिगर माती तडकती." पेशीतले केराटिनचे धागे त्या काड्यांच्या जागी आहेत. जेमतेम 10 नॅनोमीटर जाडीचे हे धागे पेशीभर जाळे विणतात आणि शेजारच्या पेशीशी जोडणाऱ्या बटणासारख्या टाक्यांत, म्हणजे डेस्मोसोममध्ये, घट्ट रोवलेले असतात. फरक एवढाच की भिंतीतली काडी एकदा घातली की तशीच राहते, तर पेशी हे धागे सतत उसवून पुन्हा विणत असते.

काडी काढून घेतली तर काय होते, हे 1994 साली उंदरांवर दिसून आले. एका विशिष्ट वंशाच्या उंदरांतून केराटिन 8 चे जनुक काढून टाकले, तेव्हा त्यांच्या मोठ्या आतड्यात पेशींची बेसुमार वाढ झाली आणि दाह सुरू झाला. पुढे असेही आढळले की अशा आतड्याची मीठ शोषण्याची ताकद घटते, त्यामुळे पाणी मागे राहून मल पातळ होतो; आणि उंदरांना प्रतिजैविके दिली की दाह ओसरतो. मला हा शेवटचा निष्कर्ष सर्वांत बोलका वाटतो. अस्तर कमकुवत झाल्यावर, एरवी निमूटपणे राहणारे जिवाणूच प्रतिकारशक्तीला चिथावतात, असे त्यातून दिसते. ज्या उंदरांत जनुकाची एकच प्रत उरते, त्यांना आपणहून असा दाह होत नाही. मात्र आतड्याला इजा करणारे रसायन दिले की ते साध्या उंदरांपेक्षा जास्त आजारी पडतात.

माणसांच्या बाबतीत एवढ्या ठामपणे बोलता येत नाही. आतड्याच्या दाहाच्या काही रुग्णांत या जनुकांतले बदल सापडले, पण दुसऱ्या पाहणीत तसा संबंध दिसला नाही. म्हणून केराटिन बिघडले की आतड्याचा दाह होतोच, असे मी वर्गात कधीच शिकवत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याची आई पावडरीचा डबा घेऊन मला भेटायला आली. मुलाचे वजन उतरत होते आणि शौचावाटे रक्त जात होते. मी डबा बाजूला ठेवला आणि त्यांना सांगितले की, ताई, आधी पोटविकारतज्ज्ञांकडे जा आणि दुर्बिणीने तपासणी करून घ्या.